वहेमबाईचा पदर

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझी उभी हयात गेली. पेटीवर 'देवाचे फोटो' असं लिहिलेलं असलं तरी मी ती आधी कानाशी धरून हलवून बघायचो. या नोकरीत राहून मी संशयी झालो, की मुळातच संशयी होतो म्हणून ही नोकरी टिकली, हे माझ्या बायकोला, काशीबाईला विचारा. ती दुसरंच खरं म्हणेल. तेव्हा हिलालने काढलेली वहेमबाई पहिल्यांदा चाळीत हातोहात फिरली, त्या वेळी मला वाटलं की याने माझंच चित्र काढलंय. नाक तर हुबेहूब माझं होतं.

हिलाल आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे आमची चाळ, तिच्यात निम्मी बिऱ्हाडं खानदेशची आणि उरलेली आमच्यासारखी कुठकुठली. आम्ही सोलापूरकडचे. हिलाल शिंदखेड्याकडच्या एका गावचा. माणूस असा किडकिडीत की सदरा त्याच्या अंगावर नव्हे, खुंटीवर टांगलाय असं वाटावं. बोलायचा कमी. हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. असा बिनआवाजी हसणारा माणूस मला कधीच सरळ वाटला नव्हता, पण हिलालच्या बाबतीत मी चुकलो.

तो साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये ट्रेसिंगचं काम करायचा. म्हणजे असं, की साडीवर हिरवा पोपट छापायचा असेल तर त्याचं हिरवं अंग एका कागदावर, लाल चोच दुसऱ्यावर आणि काळा डोळा तिसऱ्यावर काढायचा. प्रत्येक रंगाचा कागद वेगळा, त्यावरून प्रत्येक रंगाची जाळीची चौकट वेगळी. कारागीर एकामागून एक चौकटी कापडावर ठेवून रंग ओढत जातात आणि सगळं जागच्या जागी पडलं तर शेवटी पोपट दिसतो. नाही पडलं तर डोळा पोपटाच्या बाहेर जातो. हे सगळं मला हिलालनेच समजावून सांगितलं. दिवसभर पाठ वाकवून बसायचं, शाईचा आणि थिनरचा वास छातीत भरायचा, त्यामुळे त्याला बारमाही खोकला.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा हा खोकला त्याला भोवला. दोन दिवसांत शहर मोकळं झालं. माणसं गाड्यांच्या टपावर बसून पळाली. चाळ ओस पडली. ड्यूटी होती म्हणून मी राहिलो. हिलाल राहिला तो भीतीने. गाडीत आपण खोकलो तर लोक धावत्या डब्यातून खाली टाकतील, असं त्याला वाटत होतं, आणि त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. मागे राहिलेली चार माणसंही त्याला बघून तोंडावर रुमाल दाबायची. पानवाला त्याला लांबूनच पुडी फेकायचा. मीही नळावर त्याच्या नंतर पाणी भरत नव्हतो, आधी भरायचो.

त्याच्याशी पूर्वीसारखंच वागणारा एकटा निंबा होता. हा हिलालचा चुलतभाऊ, वयाने धाकटा, समोरच्या खोलीत राहायचा आणि दुसऱ्या एका मिलमध्ये छपाईच्या टेबलावर रंग ओढायचा. त्याने बायकोला, सरलाला, गावी धाडून दिलं आणि स्वतः भावापाशी राहिला. एकदा माझ्या देखत हिलाल खोकून खोकून पाणी प्यायला आणि तांब्या त्याने भिंतीशी वेगळा ठेवला. निंबाने तो उचलला, त्यातलंच उरलेलं पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "मले काही व्हत नही, दादा." मी दारातून बघत होतो. खरं सांगायचं तर मला तेव्हा निंबाचाच संशय आला होता. एवढं प्रेम कोणी फुकट करत नाही, असं माझं मत होतं.

त्याच रिकाम्या दिवसांत हिलालने वहेमबाई काढली. वहेम म्हणजे संशय, हा शब्द गुजरात्यांनाही कळतो आणि आम्हालाही. मिलमधल्या टाकाऊ कागदांवर चौकटी पाडून त्याने चित्रांची गोष्ट केली. त्यात एक उंच, वाळकी बाई. नाकात नथ, डोळे अर्धे मिटलेले. तिचा पदर कधी संपायचाच नाही. ती चाळीच्या जिन्यावर बसलेली असायची आणि पदर मात्र दारांच्या फटींतून घराघरांत शिरलेला असायचा. ज्याचा पाय त्या पदरावर पडला त्याच्या मनात पाल चुकचुकायची. नवऱ्याला बायकोचा, बायकोला सासूचा, शेठला मुनिमाचा वहेम यायचा. बाई स्वतः कोणाचं वाईट बोलायची नाही. तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, अहिराणीत: "मी काही म्हनस नही. फक्त इचारस." मी काही म्हणत नाही, नुसतं विचारते. एवढं म्हणून ती गप्प बसायची आणि पुढच्या चौकटीत दोन सख्खे मित्र एकमेकांची गचांडी धरून उभे असायचे.

साथ ओसरली, माणसं परतली आणि वहेमबाई त्यांच्या हातात पडली. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तिच्या प्रती काढून न्हाव्याच्या दुकानात ठेवल्या. हिलाल दर दोन-तीन महिन्यांनी नवीन गोष्ट काढायचा. बायका नळावर भांडताना "मी काही म्हनस नही" म्हणायला लागल्या. काशीबाई सोलापूरची, तीसुद्धा माझ्या पगाराची चौकशी याच वाक्याने सुरू करायची. आणि मग चाळीत निराळाच प्रकार सुरू झाला. जो तो मनातल्या मनात समजायला लागला की वहेमबाई आपल्यावरून काढलीय. घरमालकाने हिलालला तसं विचारलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या धुडकूच्या सासूने तर त्याच्या दारात येऊन तमाशा केला, कारण नथ तिच्यासारखी होती. मीही एकदा आडून आडून नाकाचा विषय काढला. हिलालचे खांदे तेवढे हलले. त्याने कोणालाच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माणसाला संशयात ठेवण्यात त्याला गंमत वाटत असावी, आणि ते मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशच्या लोकांची ही देवी श्रावणात एका रविवारी घरोघर बसते. आमच्या घरी देवी बसत नाही, बुद्धवंदना होते, पण ही चाळ म्हणजे अर्धा खानदेश, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर. चौरंगावर नारळाची कानबाई मांडायची, तिला नथ घालायची, नवी साडी नेसवायची. आणि रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करायचे. त्यासाठी कुळातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा मिळत नाही. इतक्या वर्षांत मला त्याची चव ठाऊक नाही. हिलाल थोरला, म्हणून नारळ त्याच्या घरी, आणि निंबा त्याच्या पंगतीला. सुरतेत त्यांच्या कुळाची ही दोनच घरं. रोट एकत्र खाल्ला म्हणजे कूळ एक, आणि ज्या वर्षी दोन भाऊ आपापला रोट वेगळा करतात त्या वर्षी घर फुटलं असं सगळी चाळ समजते.

शहाण्णवच्या त्या श्रावणाच्या महिनाभर आधी हिलालच्या मिलने दिवाळीसाठी नवीन पोपटाच्या काठाचं काम घेतलं होतं. शेठ आतल्या गाठीचा माणूस. बाजारात एकाचं डिझाइन दुसऱ्याने चोरून आधी छापायचं हे सुरतेत नेहमीचं, म्हणून त्याने दम भरला होता की पोपट बाहेर गेला तर ज्याच्या हातून गेला त्याने पुन्हा या धंद्यात पाऊल ठेवायचं नाही. काम उरकेना तेव्हा हिलाल ते कागद गुपचूप घरी आणायचा. निंबा जेवण झाल्यावर येऊन बसायचा, कागद उजेडात धरून बघायचा आणि पोपटाची वाखाणणी करायचा. मीही ते पोपट पाहिले होते. चोचीत आंबा धरलेले, एकमेकांकडे मान वळवून बसलेले.

कानबाईच्या रविवारी दिवेलागणीला सरला देवीची साडी घेऊन आली. त्या वर्षी साडी निंबाच्या घरची होती. हिलालच्या बायकोने, रंजनाने, घडी मोडली आणि काठ उलगडला. काठावर पोपट होते. चोचीत आंबा, माना वळवलेल्या.

मी दारात उभा होतो. हिलालचा झाला तसा चेहरा मी पार्सल ऑफिसात फार वेळा पाहिला आहे. आपली पेटी फोडलेली बघताना माणसाचा होतो तसा. पोपट अजून मिलच्या बाहेर पडायचे होते. शेठने एकही साडी बाजारात धाडली नव्हती. हिलालने सरलाला साधाच प्रश्न केला, साडी कुठली. सरला अडखळली. रिंग रोडवरच्या मोठ्या दुकानातली, म्हणाली. कोणतं दुकान, तर नाव आठवेना. मग म्हणाली, मैत्रिणीने आणून दिली. तिने निंबाकडे बघितलं, निंबाने खाली बघितलं. मला एवढं पुरे होतं. मी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला होता, आणि हिलालने माझ्याही आधी.

त्याने आवाज चढवला नाही. गावाकडून आलेले पाव्हणे होते, शेजारपाजार होता. रंजनाने रोटाची परात मध्ये आणून ठेवली, गंगाफळाची भाजी वाढायला घेतली, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "औंदा ज्याना रोट त्यानी आपला घर खावा, निंबा." यंदा ज्याचा रोट त्याने आपल्या घरी खायचा.

कारण विचारायला निंबाने तोंड उघडलं, पण इतक्या माणसांत विचारायचं तरी कसं. शेवटी सरलाने त्याच्या दंडाला धरून उठवलं. त्यांच्या वाट्याचे रोट फडक्यात बांधून ती दोघं समोरच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. इकडे हिलाल एकटा बसला, एक घास तोडला आणि तोही गिळला की नाही मला दिसलं नाही.

निंबाला भावाने पंगतीतून उठवलं हे चाळीने पाहिलं होतं, पण का उठवलं हे कोणाला ठाऊक नव्हतं. तेही हिलालने पंधरवड्यात सांगून टाकलं, आपल्या पद्धतीने. वहेमबाईची नवी गोष्ट न्हाव्याच्या दुकानात आली. तिच्यात एक माणूस होता, आखूड मानेचा, पुढचा एक दात तुटलेला. चाळीतलं शेंबडं पोर सांगेल की हा निंबा. तो भावाच्या घरातून एक पोपट सदऱ्याखाली लपवून नेत होता. शेवटच्या चौकटीत वहेमबाई जिन्यावर उभी राहिली होती. आजवर ती बसलेली असायची आणि विचारायची. या खेपेला तिने हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवलं होतं आणि तिच्या तोंडी काही नव्हतं.

लोकांनी ती गोष्ट डोक्यावर घेतली. खरं तर ती सगळ्यांत वाईट होती. काशीबाईने एकदा चाळून ती परत केली आणि म्हणाली, आधीची बाई हुशार होती, ही नुसती चुगलखोर आहे. मी तिला उगीच गप्प केलं.

निंबा दात दाखवून हसायचा, ते बंद झालं. मिलमध्ये त्याच्या टेबलावर कोणीतरी ती झेरॉक्स चिकटवली होती म्हणे. महिना संपायच्या आत त्याने अमरोलीच्या पलीकडे कोसाडला खोली घेतली आणि एका सकाळी टेम्पोत सामान चढवलं. हिलाल कामावर गेला होता. जाताना निंबा माझ्याकडे आला, खोलीची किल्ली घरमालकाला द्यायला सांगितली, आणि सहज विचारावं तसं विचारलं की नागनाथभाऊ, तुम्हालाही तसंच वाटतं का. मी म्हटलं, मला काय ठाऊक. माझ्यासारख्या माणसाकडून त्याला याहून चांगलं उत्तर मिळणार नव्हतं.

आणि गंमत अशी की मिलमध्ये काहीच झालं नाही. शेठ ओरडला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. दिवाळीला पोपटाच्या साड्या बाजारात आल्या आणि खपल्या. ते पोपट दुसऱ्या कोणीच छापले नव्हते. हिलालला हे दिसत होतं. पण एकदा पदरावर पाय पडल्यावर माणूस खाली बघत नाही. निंबाला गिऱ्हाईक मिळालं नसेल, असं त्याने स्वतःची समजूत घातली. मला तसं त्याने बोलूनही दाखवलं.

दिवाळीच्या साफसफाईत रंजनाने पेटीतले कपडे उन्हात टाकले. त्यात कानबाईची ती साडी होती. देवीची म्हणून ती कोणाला देता आली नव्हती आणि नेसवतही नव्हती. ती दोरीवर टाकली आणि ऊन आरपार गेलं. हिलाल दात घासत उभा होता. घासता घासता थांबला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तो दोरीपाशी गेला, काठ हातात घेतला आणि उन्हात धरून एकेक पोपट बघत गेला. मग त्याने मला बोलावलं.

पोपटांचे डोळे पोपटांत नव्हते. प्रत्येक डोळा डोक्याच्या बाहेर, वर कुठेतरी लटकला होता. चोचही थोडी सरकलेली. संध्याकाळच्या दिव्यात, देवीच्या अंगावर चुण्यांत ते कोणालाच दिसलं नव्हतं. कोणी बघितलंच नव्हतं, हे जास्त खरं. ही चोरून छापलेली साडी नव्हती. हिलालच्याच मिलमधला हा पहिला हात होता. नवीन डिझाइनच्या चौकटी टेबलावर चढवल्या की आधी थोडं कापड वाया जातं, रंग जागेवर बसेपर्यंत. असलं कापड मिलवाले मोठ्या दुकानात पाठवत नाहीत, वजनावर विकून टाकतात आणि बायका ते बोचक्यात घालून वस्त्यांत फिरवतात; कागदांवर डोळा ठेवणाऱ्या शेठचंही या वाया कापडाकडे लक्ष गेलं नव्हतं. हे हिलालला ठाऊक नव्हतं असं नाही. रंजनाच्या अंगावरची साडी त्याच मालातली होती.

मग सरला का अडखळली तेही उघड होतं. त्या वर्षी श्रावणाआधी निंबाची मिल बरेच दिवस बंद होती. देवीला वजनावरची, डोळे सरकलेली साडी आणली हे ती भर घरात, पाव्हण्यांपुढे कुठल्या तोंडाने सांगणार होती. म्हणून दुकान म्हणाली, आणि दुकानाचं नाव काही सुचलं नाही. तिला चोरीची नाही, गरिबीची लाज वाटली होती.

हिलाल ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. खोकला आला तो थांबेना. मला त्याचा राग आला होता आणि स्वतःचाही, आणि त्याला पाणी आणून द्यावं एवढंच मला सुचलं.

त्याच दिवशी तो कोसाडला गेला, मला बरोबर घेऊन. एकट्याने जायची त्याला हिंमत नव्हती. निंबाने दार उघडलं, आत या म्हणाला, सरलाने चहा टाकला. हिलाल चहाला शिवला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मनी चूक व्हयनी, निंबा." चूक झाली. साडीचं सगळं त्याने सांगितलं, डोळे सरकल्याचंही. सरला आत निघून गेली. निंबाने सगळं ऐकून घेतलं आणि चहा गार होतोय असं म्हणाला. मग कोसाडच्या पाण्याविषयी बोलला, बसच्या हालांविषयी बोलला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. निघताना हिलालने विचारलं, कानबाईला येशील ना. निंबा हो म्हणाला. तो इतक्या लवकर हो म्हणाला की वाटभर हिलाल मला विचारत राहिला, येईल का हो, मनापासून म्हणाला का. मी त्याला सांगितलं, येईल. का कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची खात्री दिली.

हिलालने वहेमबाई काढणं सोडून दिलं. झेरॉक्सवाला मागे लागला, न्हावी मागे लागला. जुन्या गोष्टींचे कागद त्याने बंबात घातले. पण लोकांकडे प्रती होत्या, त्या काही परत येणार नव्हत्या.

पुढच्या श्रावणात रंजनाने गहू काढताना निंबाच्या घरच्या मुठीही काढल्या. दिवसभर हिलाल आत-बाहेर करत होता. दिवेलागणीला ती दोघं आली. निंबाने नवा सदरा घातला होता, तुटका दात दाखवून सगळ्यांशी हसला. चाळीने सुटकेचा निःश्वास सोडला. मीही दारात होतोच.

सरलाने साडी पुढे केली. या वर्षीही त्यांच्याच घरची, तसा तिनेच हट्ट धरला होता. चांगली भारी, दुकानाच्या खोक्यातली. हिलालने दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली. साडीच्या वरच्या घडीवर दुकानाची पावती टाचणीने टाचलेली होती.

हिलालने नजर वळवायला हवी होती, निदान टाचणी काढून पावती बाजूला ठेवायला हवी होती. ते त्याच्याने झालं नाही. मी त्याला ओळखतो आणि मी मलाही ओळखतो. त्याचे डोळे आपोआप पावतीवर गेले, दुकानाच्या नावावर गेले, तारखेवर गेले. त्याने ती वाचली. आणि तो वाचतोय हे निंबा समोर बसून बघत होता.

वाचून झाल्यावर हिलालला ते कळलं. त्याने वर पाहिलं.

"मी काही म्हनस नही, दादा," निंबा म्हणाला, आणि रोटाची परात स्वतःच्या हाताने मध्ये ओढून घेतली.